कलम चार, ओळ नऊ

हॅरिसबर्गला, हिरव्या घुमटाच्या इमारतीत,
तळमजल्यावर माझं टेबल आहे.
मी कायदे करत नाही, टाइप करते.
स्वल्पविराम माझे, अर्थ त्यांचे.

सकाळी कलम चार, ओळ नऊ अशी होती:
बंदुकीचे पैसे भरणे आणि बंदूक हातात पडणे
यांत सात दिवसांचे अंतर असावे.
अकरापर्यंत सातचे पाच झाले,
जेवणाच्या सुट्टीआधी पाचचे तीन.
बाजार उठताना मेथीच्या शेवटच्या जुड्यांचा
भाव उतरतो, तसे.

वेंडेल हॉस्टेटर वरच्या डोंगराळ भागातले.
हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस म्हणजे
त्यांच्याकडे शाळेला सुट्टी.
"आमच्याकडे पोलीस यायला पाऊण तास लागतो.
पाऊण तास मी दाराला काय लावू,
तुमचं कलम?"
हशा. (हशा मी नोंदवते. नियम आहे.)

लॉरेटा पिंकनी फिलाडेल्फियाच्या, सातवर अडलेल्या.
"तीन घेऊन घरी गेले
तर चौथ्या दिवसाचं काय सांगू?
माझ्या गल्लीत चौथा दिवस राहतो.
मी त्याच्या आईला ओळखते."
हशा नाही.

मग ओपल रिटर, शमोकिनहून आलेल्या,
तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या.
माइक जरा जास्तच जवळ घेऊन म्हणाल्या,
"माझ्या डॅरिलने मंगळवारी दुपारी विकत घेतली.
गुरुवारी सकाळी मी मागे चादरी वाळत घालत होते.
लोक मला सांगतात, तीनवर सही करू नकोस, हा विश्वासघात आहे.
मला दोन पुरले असते."

पंख्याचा आवाज नोंदवायची पद्धत नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा,
नाव न देता, परवानगी न घेता, उभा राहिला:
"माझ्या मेव्हण्याकडे ती पाच दिवस होती.
पाच दिवस तो गवत कापत होता,
शेजाऱ्यांना हात करत होता.
सगळ्यांचा राग शिळा होत नाही, मॅडम."
अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला, मुलगा बसला.
त्याचं वाक्य ठेवावं की गाळावं
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तडजोड.
आमच्या भाषेत या शब्दात आधी तडा जातो, मग जोड येते.
मधे जी फट राहते
तिच्यात किती माणसं मावतात,
हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं,
फक्त प्रत्येकाजवळची यादी वेगळी.
मी दिवसभर दोन्ही याद्या टाइप केल्या.
एका यादीने दुसरी खोटी पडत नव्हती.
पडली असती तर बरं झालं असतं.

सहाला सगळे गेले. हॉस्टेटर मफलर विसरले होते,
म्हणून परत आले.
दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता, म्हणाले,
"माझ्या भावाची रायफल ख्रिसमसपासून माझ्या तळघरात आहे.
त्याने मागितली नाही, मीही विषय काढला नाही."
मी विचारलं, "किती दिवस ठेवणार?"
त्यांनी मफलर दोनदा गुंडाळला.
"त्याला आकडा नसतो," म्हणाले,
आणि लगेच, "पण तुमच्या कायद्यात तीनच. तीनच्या वर मी हलणार नाही."
माइक बंद होता.
नोंदीत नाही.

रात्री छापायला गेलेल्या प्रतीत
ओळ नऊमध्ये आकडा नाही.
एक अंक मावेल एवढी जागा सोडली आहे,
शनिवारच्या बैठकीत भरतील.
पुलावरून चालत घरी आले.
खाली सस्केहाना, काठाला गोठलेली, मधे वाहती.
हातमोज्यात बोटं दुमडत मोजत होते,
मंगळवार, बुधवार,
आणि अंगठा कुठे टेकवावा ते कळेना.